फोनवाले जावई

कोणाचा आवाज कोणाच्या कानापर्यंत जाऊ द्यायचा, हे ठरवण्याचं खातं देवाने निदान नागपूरपुरतं तरी माझ्या साडूंकडे सोपवलं होतं. लकडगंजातल्या एका लाकूड-व्यापाऱ्याच्या पेढीत ते टेलिफोनच्या बोर्डावर बसत. बाहेरची लाइन एक, आत टेबलं आठ आणि मधे हे. मी शाळेत भूगोल शिकवायचो. मला ब्रह्मपुत्रेचा उगम ठाऊक, व्होल्गा कुठे जाऊन मिळते ते ठाऊक. पण सासुरवाडीला त्याचं कोणाला काय! सासूबाई पाहुण्यांना ओळख करून द्यायच्या, "हे आमचे फोनवाले जावई, अन् हे दुसरे." तो दुसरा मी. आता इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही, मी त्यांच्यावर जळायचो. धुसफुसत, मनातल्या मनात, पण मनापासून.

बोर्डावर त्यांचे तीन प्रश्न ठरलेले होते. कोण? कुठून? काहून? तिन्हींची उत्तरं पटली तरच ते दोरी भोकात खुपसायचे, नाहीतर माणूस बाहेरच्या बाहेर वाटेला लागायचा. एक ते दोन ही शेठजींच्या जेवणाची वेळ, तेव्हा तर प्रत्यक्ष यमाचा फोन आला असता तरी त्याला दोनला पुन्हा करायला सांगितलं असतं. एकदा शेठजी स्वतः कामठीत अडकले आणि सव्वा वाजता त्यांनी तिथून फोन केला. "अरे, मैं बोल रहा हूं!" यावर साडू शांतपणे म्हणाले, "सब लोग यही बोलते, साब. सेठजी अभी खाना खा रहे हैं." शेठजी तिकडे उपाशीपोटी उभे! दुसरा कोणी असता तर त्याची नोकरी गेली असती. यांचं कौतुक झालं. शेठजी वर्षभर ही गोष्ट गिऱ्हाइकांना चहाबरोबर ऐकवत होते आणि आमच्या सासूबाई चहाशिवायही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी सोसलं असतं. पण शेठजींनी साडूंच्या घरीही फोन बसवून दिला. जुनी शुक्रवारी या वस्तीतल्या त्या आख्ख्या गल्लीत तेवढाच एक. त्याच्यावर क्रोशाचं झाकण, डायलच्या भोकात इवलंसं पितळी कुलूप आणि किल्ली साडूंच्या करगोट्याला. गल्लीतला प्रत्येक जण आपल्या पत्रांवर तो नंबर 'पीपी', म्हणजे निरोप पोचवणाऱ्याचा फोन, म्हणून लिहायचा. मीही लिहायचो. लिहिताना दरवेळी पोटात दुखायचं, पण लिहायचो.

कुलपाचा माज मोडायचाच, असं मी मनाशी घेतलं होतं. शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांनी मला गुपित सांगितलं, की रिसीव्हर ठेवतात ती खुंटी आकड्याइतक्या वेळा टकटक दाबली, की डायलला हात न लावता फोन लागतो. शून्याला दहा टिचक्या. एका रविवारी भर दुपारी साडू सवडीने आंघोळीला गेले तशी मी टकटक सुरू केली. लावायचा होता आमच्या हेडमास्तरांना. उचलला शेठजींनी, तोही दुपारच्या झोपेतून. मी घामाघूम. तेवढ्यात साडू ओल्या अंगाने, पंचा नेसून आले, माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि म्हणाले, "माफ करना सेठजी, लाइन टेस्ट कर रहा था." फोन ठेवून माझ्याकडे वळले. रागावतील म्हणून मी तयारीत होतो. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "शून्याले नऊच टिचक्या झाल्या तुमच्या, गुरुजी. हात एकसारखा पाहिजे." दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःच्या फोनसाठी अर्ज करून टाकला. यांच्या परवानगीशिवाय मला जगाशी बोलायचं होतं.

त्यांची एक खोड मात्र मला मुळीच मान्य नव्हती. गल्लीत कोणासाठी फोन आला आणि बातमी चांगली असली, की ते ओट्यावरूनच ओरडायचे, "काकू, नातू झाला वं!" वाईट असली की ओरडायचे नाहीत. सदरा घालायचे, गळ्यापर्यंत बटणं लावायचे, त्या घरी जाऊन बसायचे आणि विचारायचे, "जेवले का जी?" नसला जेवला तर संत्र्याच्या बहाराविषयी, कपाशीविषयी बोलत त्याला जेवू घालायचे आणि हात धुऊन झाल्यावर सांगायचे. दुसऱ्याची बातमी दाबून ठेवणारे तुम्ही कोण, असं मी एकदा तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "बातमी कुठं पळून चालली जी? मंग दोन दिवस पोटात काही जात नाही त्याच्या. दोन घास तरी जाऊ द्या." पुढे पुढे गल्लीला हे ठाऊक झालं आणि साडूंना जेवणाची साधी चौकशी करायचीही चोरी झाली. तरी गंमत अशी, की त्यांनी विचारलं की माणूस जेवायचा.

एक दिवस मधल्या सुट्टीत ते सायकलवरून आमच्या शाळेत आले. बटणं गळ्यापर्यंत. "जेवले का जी, गुरुजी?" नरखेडकडे गावी माझी म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली होती. मी ताठ्याने म्हणालो, "जेवलो." डबा माझ्या हातात बंदच होता. त्यांनी तो घेतला, उघडला आणि समोर बसून राहिले. मी पिठलं-भाकर खाल्ली, सगळी. मग त्यांनी सांगितलं. अडीचच्या एसटीत माझ्यासाठी जागा धरायला माणूस आधीच बसवून आले होते. बसमध्ये मी आईसाठी रडलो आणि मधेच, लाज वाटते सांगायला, मला या माणसाचा हेवाही वाटला.

अर्ज केल्यावर नऊ वर्षांनी माझ्या घरी माझा स्वतःचा फोन बसला. साडूंनी भेट म्हणून एक पितळी कुलूप पाठवलं, ते मी खणात टाकून दिलं. आता कोणी माझ्या मधे नव्हतं. एव्हाना सासूबाईंकडेही फोन आला होता; त्यांना मी रोज विनाकारण फोन करायचो, त्या विचारायच्या, "फोनवाले जावई कसे आहेत?"

मग एका रविवारी दुपारी, ताट वाढलेलं असताना घंटी वाजली. साडूंचा थोरला मुलगा होता. म्हणाला, "काका, बाबा गेले." थेट माझ्या कानात. कोण, कुठून, काहून, कोणी काही विचारलं नाही.

ही स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. तिला अजून काही माहीत नव्हतं आणि सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. मी फोन ठेवला. सदरा घातला, बटणं लावली, दारात उभा राहिलो आणि आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "जेवलीस का?"

तिचं लाटणं जागच्या जागी थांबलं. तिने माझ्या बटणांकडे पाहिलं आणि पाटावरून उठली. त्या दिवशी आमच्या घरात कोणी जेवलं नाही. साडूंना जे जमायचं ते मला तेव्हाही जमलं नाही.