फोन उचलेपर्यंतची बासरी

सासऱ्यांचा खुबा निकामी झाला, त्या वर्षी आमच्या घरात एक धून मुक्कामाला आली. पुण्याच्या दवाखान्यात फोन लावला की ती वाजायची. आधी एक बाई थांबायला सांगायची, मग बासरी सुरू व्हायची, मागे तबला. बासरी चढत चढत जायची, आणि आता ती कुठंतरी पोचणार असं वाटायला लागलं की बाई पुन्हा मध्ये बोलायची. मग बासरी पहिल्यापासून.

आमचं घर वेल्ह्याच्या वर, डोंगराला लागून. मोबाईलला रेंज फक्त गोठ्याच्या कोपऱ्यात, म्हशीच्या दावणीपाशी. नवरा शिरवळला कंपनीत, तिथं आत मोबाईल नेऊ देत नाहीत. त्यामुळं ऑपरेशनची तारीख मिळवायचं काम माझ्याकडं आलं. सकाळी शेणघाण काढून झाली की मी दावणीच्या दगडावर मोबाईल ठेवायचे, स्पीकर लावायचे आणि हाताशी असेल ते काम करत राहायचे. कुणी फोन उचललाच, तर डॉक्टर परगावी आहेत, पुढच्या आठवड्यात करा, एवढंच ऐकायला मिळायचं.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते गोठ्याच्या दाराशी खुर्चीवर पाय लांब करून बसायचे. जन्मभर डोंगर तुडवलेला माणूस, आता त्यांना मोरीपर्यंत जायलाही कुणाचा तरी खांदा लागायचा. बासरी वाजायला लागली की ते डोळे मिटून घ्यायचे.

"ह्याच्या म्होरं काय हाय गं?" एकदा त्यांनी विचारलं.

"कशाच्या?"

"बासरीच्या. ती बया मधीच तोडती."

मला कुठलं ठाऊक असायला. पण त्यांनी विचारल्यापासून ते तुटणं मलाही टोचायला लागलं. भाकरी थापताना हात त्या तबल्याच्या ठेक्यावर पडायचा. मामांचं औषध आणायला भोरला निघाले की एसटीत घाटभर तीच बासरी डोक्यात चढायची आणि तिथंच अडकायची. मी दमलेली असले की ती जास्तच वाजायची. सासूबाई चुलीपुढं बसून गुणगुणायला लागल्या आणि मग स्वतःवरच वैतागल्या. म्हणाल्या, "आता ह्या घरात देवाचं नाव कुणाच्या तोंडात येत न्हाई, ह्येच येतं."

भात काढणीच्या दिवसांत एका दुपारी मी असाच फोन लावून ठेवला होता. बासरी चढली. नेहमीची जागा आली आणि बाई बोललीच नाही. बासरी पुढं गेली. मामांनी डोळे उघडले. मी हातातला पेंढा तसाच धरून उभी राहिले. सासूबाई दारात आल्या. बासरी जरा थांबली, मग खाली उतरायला लागली, अगदी सावकाश, डोंगरावरनं जनावरं उतरतात तशी. आणि तेवढ्यात खडखड झाली.

"हॅलो, बोला."

तारीख मिळाली. पुढचाच सोमवार. मी दोनदा विचारून खात्री केली आणि फोन ठेवला. मामांच्या तोंडाकडं बघितलं, तर त्यांना आनंद झाल्यासारखं काही दिसेना.

"उचलायला जरा दम धरला असता तिनं, तर काय बिगडलं असतं," ते म्हणाले.

सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. माझ्यात हसण्याइतकी ताकद नव्हती. मी तिथंच दगडावर टेकले.

सोमवारी दवाखान्यात फोनपाशी बसणारी मुलगी भेटली. चांगली होती, बोलायला मऊ. मामांनी तिला विचारलं, "ताई, तुमच्या फोनात बासरी वाजती, ती कुनाची?"

"कुठली बासरी, बाबा?"

मामांनी तिला गुणगुणून दाखवली. तिनं मान हलवली. तिनं ती कधी ऐकलीच नव्हती. ती फोन उचलायची तेव्हा बासरी बंद झालेली असायची. दिवसभर तिच्यापर्यंत पोचण्यासाठी किती लोक ते ऐकत असतील, आणि तिला त्याचा पत्ताच नाही. मला तिचा राग आला नाही. तिच्या डोळ्यांखालीही काळं झालं होतं.

ऑपरेशन नीट झालं. घरी आणल्यावर मामा आधी वॉकर धरून, मग काठीनं अंगणात फिरायला लागले. मला वाटलं, आता तरी डोकं शांत होईल. झालं नाही. त्यांना उठवणं, बसवणं, व्यायाम, पट्ट्या, त्यात घरचं आणि शेतातलं. आणि या सगळ्याच्या खाली ती बासरी चालूच.

महिनाभरानं तपासणीची वेळ घ्यायची होती. मी पुन्हा दावणीपाशी मोबाईल ठेवला. मामा काठी टेकत मुद्दाम येऊन उभे राहिले. बाई बोलली, आणि सतार वाजायला लागली. दवाखान्यानं धून बदलली होती.

मामा थोडा वेळ ऐकत राहिले. "ही न्हवं," म्हणाले.

"व्हय मामा, बदलली त्यांनी."

मोबाईलमधनं सतार येत होती आणि माझ्या डोक्यात जुनी बासरी. दोन्ही एकमेकींत गुंतायला लागल्या. मला एकदम रडू फुटेल असं झालं. कारण सांगता आलं नसतं.

मामांनी माझ्याकडं नीट बघितलं. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांनी असं बघितलं नव्हतं. दुखण्यात माणसाला दुसरं कुठं दिसतं.

"बंद कर ती," ते म्हणाले. "उद्या लाव. आज बस जरा."

मी फोन बंद केला. ते हळूहळू पेंढ्याच्या ढिगापाशी गेले, न वाकता काठीनंच एक पेंढी ओढली आणि म्हशीपुढं सारली. मी बसून राहिले, ते दुसरी ओढेपर्यंत.