लंकाबाईच्या रक्तातली मोळी

पाथर्डीकडची लंकाबाई वर्षातले सहा महिने देवळाली प्रवरेकडच्या फडांत ऊस तोडायची आणि बाराही महिने जाड असायची. बाहत्तरच्या दुष्काळात गावच्या जनावरांच्या बरगड्या दिसायला लागल्या, नवऱ्याच्या, कानिफनाथच्या, तर सदऱ्यावरून मोजता यायच्या. लंकाबाईचं पोट मात्र जागचं हललं नाही. खायची अर्धी भाकर. ती एवढी पसरायची कशी, हे देवालाही कोडं होतं.

टोळीचा मुकादम आसाराम, त्याला मात्र कोडंबिडं काही नव्हतं. "चोरून खाती," तो सांगत सुटायचा.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या साली ऊस थोडा आणि कोयते उदंड. आसारामने फर्मान काढलं, "कानिफ, बाजारच्या दिसापासनं तू अर्धा कोयता. बाईला गावी धाड. एका कोयत्यात दीड बाई आपल्याला न्हाई चालत!"

कानिफनाथ मटकन खाली बसला. उभं राहायलाही अंगात काही लागतं. गावी चूल होती, चुलीवर ठेवायला काही नव्हतं. 

तेवढ्यात बांधावरून डॉक्टर आले. जाड माणसांचं रक्त तपासत फिरणारे पुण्याचे तरुण डॉक्टर. दिवाळीत त्यांनी या फडातलं एकुलतं एक जाड माणूस गाठून रक्त नेलं होतं. आता तपासणीचा कागद आला होता.

"काय डाक्टर, किती भाकरी निघाल्या?" आसारामने विचारलं.

"भाकरीचा दोष नाही," डॉक्टर म्हणाले. "रक्तात एक प्रोटीन असतं. तुम्ही उसाची मोळी बांधता ना, तसं ते हार्मोनला बांधून ठेवतं. यांच्यात ते कमी आहे."

"हार्मोन म्हंजी?" लंकाबाईने विचारलं.

"शरीराला हुकूम सोडणारं रसायन. बांधलेलं असलं की गप्प. सुटं झालं की हुकूम सोडतं आणि पोटावर चरबी चढते. निदान आमचा तसा अंदाज आहे, पक्कं नाही अजून."

"म्हंजी मुकादमच की वो!" लंकाबाई म्हणाली.

टोळी खिदळली. तिने उसाच्या वाळल्या पाचटाने कापलेलं, पंधरा दिवस सुजलेलं बोट पुढे केलं. "आन् ह्ये?"

"सूजही तेच हार्मोन उतरवतं. पण वाहून नेणारं प्रोटीनच कमी, मग कदाचित नेमक्या जागी पोचत नसेल."

"घ्या!" आसाराम उसळला. "जिला रगतात मोळी बांधता येईना, ती फडात काय बांधनार?"

टोळीचं हसू थांबलं. लंकाबाईसारखी मोळी त्या फडात कुणीच बांधत नव्हतं, हे बैलांनाही माहीत होतं.

"बांधा तर मग मुकादम," ती म्हणाली. "तुमची आदी झाली तर म्या आजच गावी जाते. माजी झाली तर आमचा पुरा कोयता."

दहा वर्षं आसारामने उसाला हात लावला नव्हता, नुसतं बोट दाखवलं होतं. लंकाबाईने उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं दोरीसारखं पिळलं, गुडघा रोवला, गाठ आवळली. एक, दोन, तीन. ती चौथीला हात घालते तोच आसारामने आपली पहिली उचलली आणि ती सगळी त्याच्याच पायावर सुटली. तो वाकला. लंकाबाईने उरलेलं वाढं त्याच्या कमरेभोवती टाकून करकचून आवळलं.

"बगा डाक्टर, लई सुटं फिरत हुतं."

आसारामने गाठीशी पुष्कळ झटापट केली. सुटेना. शेवटी लंकाबाई कोयता घेऊन समोर आली आणि थांबली.

"पुरा," आसाराम पुटपुटला.

"काय? ऐकू न्हाई आलं."

"पुरा कोयता, बाई! सोड आता!"

तिने वाढं कापलं.