भटूकाकांच्या बरण्या

अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात तापीचं पाणी सुरतेतल्या आमच्या कॉलेजात शिरलं, तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. पाणी ओसरल्यावर प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेले, तर भटूकाका चिखलात उभे राहून काचेच्या बरण्या पुसत होते.

काका तिथले शिपाई. मूळ शिरपूरकडचे, शिक्षण चौथी. पंधरा वर्षं उधन्याला कापड कारखान्यात लूमवर काढली. त्या खडखडाटानं कान गेले, म्हणून ती नोकरी सोडून इथं लागले. पोरांना ते झुरळं पकडून आणणारे, ट्रे धुणारे भटूभाई. मी अमळनेरची, त्यांच्याच खानदेशातली, म्हणून मला काका.

बरण्या शाबूत होत्या, पण वरच्या कागदी चिठ्ठ्या धुऊन गेल्या होत्या. नोंदवहीचाही लगदा झालेला. साठेक प्राणी, एकालाही नाव नाही. आमचे नायक सर डोक्याला हात लावून बसले.

"साहेब, मी सांगतो, तुम्ही लिहा," काका म्हणाले.

सर हसले, पण पेन उघडलं.

"हे गांडूळ. चौदाव्या कड्यापासून सोळाव्यापर्यंत पट्टा आहे बघा. ही जळू, दोन्ही टोकांना चूषक. आणि हा समुद्रातला किडा, नेरीस, प्रत्येक कड्याला केसाळ पाय."

मी चिठ्ठ्या चिकटवत होते. एका बरणीपाशी सर आपणहून गुजरातीत म्हणाले, "आ तो स्क्विड छे."

सरांच्या ओठांकडे बघत काकांनी नकारार्थी मान हलवली. "नै शे, साहेब." झाकण काढून त्यांनी तो प्राणी अलगद सरांच्या हातात दिला. "पाठ दाबा. आत खडूसारखी फळी लागते ना? स्क्विडच्या आत नुसती पातळ पारदर्शक पट्टी असते. हा कटलफिश."

सरांनी दाबून पाहिलं. लिहिलेलं नाव खोडलं.

"भटूभाई, कोणी शिकवलं तुम्हाला?" त्यांनी मोठ्यानं विचारलं.

"तुम्हीच. अठरा वर्षं मागं उभा राहतो. ऐकू येत नाही, पण दिसतं ना!"

दिवाळीनंतरच्या पहिल्या प्रॅक्टिकलला सरांनी झुरळाचं विच्छेदन दाखवायला त्यांनाच टेबलापाशी बोलावलं. "पाठीकडून कापा," ते म्हणाले, "झुरळाची मज्जारज्जू पोटाकडे असते." आणि सुईच्या टोकानं त्यांनी ती पांढरी दोरी न तोडता उचलून दाखवली.

पुढच्या वर्षी ते निवृत्त होऊन सुरतेजवळच कोसाडला मुलाकडे गेले. मी एकदाच भेटायला गेले. सून मंगला कोळंबी सोलायला बसली होती. काकांनी ताटातली एक उचलली आणि नातीला जवळ ओढलं. "हे बघ, डोळे देठावर. आणि पाठीतला हा काळा दोरा म्हणजे आतडं."

"बाबा, द्या ना ती, भाजी राहिली!" सून ओरडली. काकांना ऐकूच गेलं नाही. ते पाय मोजून दाखवत होते.

त्या दिवशी आम्ही तीन वाजता जेवलो.