सहावा खुंट

आमच्या वरच्या काकांनी आयुष्यात एकही काम एकट्यानं केलं नाही. साधं दार लावायचं असलं तरी त्यांना दोन माणसं लागत: एक विचारणारा आणि एक उत्तर देणारा. डमडमच्या आमच्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर आणि आम्ही दुसऱ्यावर, त्यामुळे माझी प्रत्येक सकाळ त्यांच्या फरशीतून झिरपत आमच्या छतातून खाली येई. “गॅस?” असा खर्जातला आवाज. “बंद!” असा काकूंचा. मग पुन्हा खर्ज, “गॅस बंद.” “नळ?” “बंद!” “नळ बंद.” “खिडकी?” “उघडी! मुद्दाम उघडी!” “खिडकी उघडी, मुद्दाम.” एवढं झाल्याशिवाय त्या घरातून माणूस बाहेर पडत नसे. बाहेरगावी निघाले की ही उजळणी वीस मिनिटं चाले, आणि खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवून वाजवून शेवटी चहा प्यायला निघून जाई.

काका रेल्वेत इंजिन चालवत. पुढे नव्या चालकांना शिकवू लागले आणि शेवटची काही वर्षं गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत टेबलापाशी बसून निवृत्त झाले. इंजिनात दोघं असतात, ते सांगत. सिग्नल दिसला की एकानं तो मोठ्यानं म्हणायचा, दुसऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघून पुन्हा म्हणायचा. दोघांचं जुळलं की गाडी पुढे. नोकरी संपली, पण ही सवय त्यांनी पेन्शनबरोबर घरी आणली. बाजारात बंगाली मासेवाल्याला ते नुसतं “माछ?” एवढंच विचारत आणि तो “टाटका, दादू, एकदम टाटका!” म्हणाला, की कल्ले उघडून बोट लावून बघत आणि मगच “टाटका”, म्हणजे ताजा, म्हणत. टोटोत, म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षात, बसण्याआधी “ब्रेक?” विचारत, आणि टोटोवाल्यानं ब्रेक दाबून दाखवेपर्यंत दुसरा पाय रस्त्यावरून उचलत नसत. एका वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांच्याकडे आरतीची व्यवस्था दिली, तर “निरांजन?” “लागलं!” “कापूर?” “आहे!” “काडेपेटी?” असं सुरू झालं. काडेपेटीला कुणी ओ दिली नाही, म्हणून निरांजन डोळ्यांसमोर तेवत असतानाही देवाला पाच मिनिटं थांबावं लागलं.

त्यांचे नियम दोनच होते. पहिला, वस्तूवर हात ठेवल्याशिवाय उत्तरासाठी तोंड उघडायचं नाही. दुसरा, सैल असेल तर सैल म्हणायचं. “सैल म्हटल्यावर कुणाला शिक्षा झालेली मी पाहिली नाही,” ते म्हणत. “घट्ट म्हटल्यावर पाहिली आहे.”

मला हे सगळं हास्यास्पद वाटे, आणि हास्यास्पद नुसतं वाटून माझं कधी भागत नसे, त्यामागे अन्याय शोधावाच लागे. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. बाबा बँकेत बदली होऊन इथे आले आणि संघटनेच्या कामात गुंतून इथलेच झाले. मी अक्षरं गिरवली ती ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ या शब्दांवर, आणि गणितं सोडवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. कॉलेजात गेल्यावर मी स्वतः पत्रकं लिहायला लागले. काका मला पत्रकबाई म्हणत. जिन्यात भेटले की विचारत, “काय पत्रकबाई, आज कुणाचा निषेध?” एकदा मी त्यांनाच सुनावलं, “काका, हे हाक मारणं आणि ओ देणं साहेबांनी तुमच्या अंगात भिनवलंय. माणसाचं यंत्र करतात ते असं.”

ते रागावले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, “उलटं आहे गं. इंजिनातल्या सगळ्यात धाकट्या माणसानं सैल म्हटलं, की आख्खी गाडी थांबते. मागे साहेब बसलेला असो नाहीतर मंत्री. तुझ्या पत्रकात आहे का असा एखादा हक्क?”

मी विषय बदलला.

तर या काकांची एक वीस वर्षांची निळी छोटी गाडी होती, आणि ती उभी असायची अंगणातल्या कदंबाखाली. डमडममधल्या झाडून साऱ्या कावळ्यांनी तेवढं एकच झाड प्रातर्विधीसाठी मुक्रर केलं होतं. पुण्याला राहणाऱ्या त्यांच्या मुलानं वडिलांची दया येऊन घरबसल्या मागवून एक कापडी गॅरेज पाठवलं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ओढायचं जाड ताडपत्रीसारखं कापड, ताणायचे पट्टे, सहा पायांसाठी जमिनीत पिळून घालायचे सहा लोखंडी खुंट, आणि एक पुस्तिका. असल्या पुस्तिका जगात कुणीही वाचत नाही, हे गृहीत धरूनच छापलेल्या असतात. काकांनी ती तीनदा वाचली आणि काकूंना कळावी म्हणून मराठीत आणून एका वहीत उतरवली. मूळ पुस्तिका चाळीस पानांची. काकांची वही ऐंशी पानांची झाली.

ज्या शहरात दरवर्षी बांबू आणि कापडाचे राजवाडे आठवड्यात उभे राहतात, तिथे काकांनी एका गाडीच्या छपराला चार रविवार घेतले. पहिला रविवार जागा निवडण्यात गेला: वरून विजेची तार जात नाही ना, फांदी मोडून पडेल का, जमीन सपाट आहे का. शेवटी कदंबापासून लांब, भिंतीकडची जागा ठरली. दुसऱ्या रविवारी नळ्या आणि बोल्ट मोजून चादरीवर मांडले. तिसऱ्या रविवारी सांगाडा जोडला. बोल्ट आधी नुसते हातानं फिरवायचे, मग दोन्ही कर्ण दोरीनं मोजायचे, आणि ते सारखे भरले तरच पान्यानं आवळायचे. कर्णांत बोटभर फरक निघाला, तर काकांनी सगळं सोडवून पुन्हा जोडलं. हातमोजे सगळ्यांना सक्तीचे. पिवळं हेल्मेट एकच होतं, ते काकूंना मिळालं, आणि काकूंनी ते पदरावरून घातलं. तळमजल्यावरच्या बंगाली मावशी, माशीमा, खिडकीत बसून मटार सोलत होत्या. त्यांनी विचारलं, “बिये बाडी ना की गो?” लग्नघर आहे की काय! इमारतीचे सेक्रेटरीदादा तर दर रविवारी येऊन सल्ला देत, “दादा, इतना झमेला क्यों? चार बांबू, एक डेकोरेटर, एक घंटा. पंडाल खडा!”

“आणि वारा आला की?” काका विचारत.

“तब देखा जाएगा!”

“देखा जाएगा,” काका काकूंकडे वळून म्हणत, “म्हणजे सैल.”

चौथ्या रविवारी कापड चढवायच्या आधी खुंट घालायचे होते. काकांना गुडघ्यांमुळे खाली बसता येईना, म्हणून ते वही घेऊन मध्ये उभे राहिले आणि सांगाड्याच्या पायांशी मी. पहिला खुंट लोण्यात जावा तसा गेला. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. मी पूर्ण पिळून, हात ठेवून “घट्ट” म्हणत होते, काका “घट्ट” म्हणून टिक मारत होते. सहावा अर्ध्यात अडला. खाली विटांचे तुकडे भरलेले होते. वहीत अशा वेळचं सगळं लिहिलेलं होतं: खुंट उपसा, वीतभर बाजूला घ्या, पुन्हा घाला. पण चार वाजता माझी बैठक होती. पत्रक छापायला जायचं होतं आणि शेवटची ओळ जुळत नव्हती. ते पत्रक कशाबद्दल होतं, हे लिहिताना आजही माझे कान तापतात. ते होतं इमारतींच्या बांधकामावर उंचावर चढणाऱ्या मजुरांबद्दल. त्यांना सुरक्षेचा पट्टा मिळालाच पाहिजे, याबद्दल. फोनवर एकजण मला विचारत होता, ‘निष्काळजीपणा’ लिहायचं की ‘गुन्हेगारी निष्काळजीपणा’?

“सहावा?” काकांनी विचारलं.

“घट्ट,” मी म्हणाले, आणि फोनमध्ये टाइप केलं, ‘गुन्हेगारी’.

“सहावा घट्ट,” काका म्हणाले.

संध्याकाळपर्यंत कापड चढलं, पट्टे ताणले गेले, गाडी आत गेली. दर रविवारी सगळे खुंट पुन्हा तपासायचे, असं वहीत होतं. पण चौथ्या दिवशी दुपारीच कालबैशाखी, म्हणजे इकडचं उन्हाळी वादळ, आली. आकाश काळं झालं आणि पाच मिनिटांत धुळीनं अंगण दिसेनासं झालं. मी गॅलरीतून पाहत होते. कोपऱ्यातला सहावा पाय आधी नुसता थरथरला, मग खुंटासकट वर आला, आणि सगळं छप्पर त्या बाजूनं उचललं जाऊन माशीमांच्या खिडकीवर आदळलं. वाऱ्यात सांगाडा धरायला धावू नये, हे वाक्य वहीत काकांनी लाल शाईनं लिहिलं होतं. पण काच फुटल्याचा आवाज आणि मागोमाग माशीमांची किंकाळी ऐकून ते धावले. माशीमांना ओरखडाही उठला नाही. काकांचं उजवं मनगट मात्र मोडलं.

पाऊस थांबल्यावर सगळे अंगणात जमले. काका हात पोटाशी धरून उपटलेल्या खुंटाकडे बघत उभे होते. सेक्रेटरीदादा खरोखर कळवळून म्हणाले, “दादा, उमर हो गया. अब ये सब छोड़िए.” काकांनी खुंटावरची नजर उचलली. ते माझ्याकडे वळले.

“पत्रकबाई, मी सहावा विचारला होता का गं? टिक आहे वहीत. पण हाक मारल्याशिवायच मारली असणार. कारण मी विचारलं असतं, तर तू सैल म्हणाली असतीस.”

मी भर चौकात पोलिसांना प्रश्न विचारलेले आहेत. बाबांच्या संघटनेच्या सभेत बाबांच्या विरुद्ध बोललेली आहे. त्या दिवशी मी म्हणाले, “आठवत नाही, काका.”

त्यांनी मान हलवली. बस्स, एवढंच.

त्यानंतर छतातून आवाज यायचा थांबला. गॅस काकूच मुकाट्यानं बंद करत. ज्याला आपण हाक मारली की नाही हे आठवत नाही, त्यानं हाक मारू नये, असं काकांनी ठरवलं होतं. गाडी बारासातच्या एका माणसाला विकून टाकली. पुण्याहून मुलाचे फोन येऊ लागले: आता एकटे राहू नका, इकडे या. यापूर्वी दहा वर्षं तो हेच म्हणत होता आणि काका दहा वर्षं हसत होते. आता तिकिटं काढली. मी रोज ठरवे की आज वर जायचं, आणि रोज मला नेमकं एखादं पत्रक लिहायचं निघे. त्या तीन आठवड्यांत मी फार जळजळीत लिहिलं. सगळ्यांनी वाखाणलं.

जायच्या आदल्या दिवशी काकाच खाली आले. प्लास्टरमधल्या हाताखाली ती ऐंशी पानांची वही होती. “तुझ्या उंचावरच्या मजुरांसाठी काही उपयोगी पडलं तर बघ,” म्हणाले. “पट्टा कसा तपासायचा तेही लिहिलंय मागे.” मी वही उघडली. शेवटच्या पानावर डाव्या हातानं लिहिलेली, वेडीवाकडी नवी सूचना होती: ‘विचारणारा वयस्कर असेल तर त्याच्या टिकेवर विसंबू नये.’

“काका,” मी म्हणाले, “तुम्ही विचारलं होतंत. सहावा. मी घट्ट म्हणाले.”

त्यांनी वही माझ्याकडून घेऊन टेबलावर ठेवली. मग म्हणाले, “हात होता खुंटावर?”

“नाही. हातात फोन होता.”

“सहावा?” त्यांनी विचारलं. तोच खर्ज.

“सैल.”

“सहावा सैल,” काका म्हणाले. टेबलावरची पेन्सिल उचलून त्यांनी डाव्या हातानं ती शेवटची सूचना खोडली. मग जिन्यात जाऊन वरच्या मजल्याकडे तोंड करून सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असे ओरडले, “अगं, मी विचारलं होतं! ऐकलंस का? मी विचारलं होतं!”

काकू जिना उतरून आल्या. त्यांना सगळं कळल्यावर त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, “तीन आठवडे, बाई? तीन आठवडे ते मला विचारतायत, मी जेवलो का गं. आणि तू खाली बसून पत्रकं लिहीत होतीस?” काका “जाऊ दे, जाऊ दे” म्हणत राहिले. काकूंनी जाऊ दिलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी ते गेले. गाडी विकली गेली होती, सामान पुढे गेलं होतं, नातवंडांना कळवून झालं होतं. माझा एक शब्द एवढं सगळं मागे फिरवू शकत नव्हता. तो यायचा होता तेव्हा आला असता, तर कदाचित यातलं काहीच झालं नसतं. टॅक्सी फाटकाशी उभी होती. काकू आत बसल्या होत्या, माझ्याकडे न बघता. हावड्याच्या वाटेवर गर्दी असेल म्हणून टॅक्सीवाला घाई करत होता. घराची किल्ली माझ्याकडे दिली होती आणि दार मीच ओढून आले होते. काकांनी खिडकीची काच खाली केली.

“कुलूप?”

शब्द माझ्या जिभेवर होता. मी तो गिळला आणि वळून जिना चढू लागले. खाली हॉर्न वाजत होता, पण टॅक्सी हलणार नव्हती, हे मला माहीत होतं. ओ आल्याशिवाय या माणसानं जन्मात गाडी हलवली नव्हती. तिसऱ्या मजल्यावर मी कुलूप मुठीत धरलं, ओढलं, पुन्हा ओढलं. मग धापा टाकत खाली आले.

“घट्ट,” मी म्हणाले.

काकांनी माझ्या हाताकडे पाहिलं. तळव्यावर कुलपाचा गंज लागला होता.

“कुलूप घट्ट,” ते म्हणाले, आणि ड्रायव्हरला म्हणाले, “चलो.”