इंजिनाचं गरम पाणी

वाफेच्या इंजिनाबद्दल हल्ली लोक फार हळवे होऊन बोलतात. धूर काय, शिट्टी काय! बोलणाऱ्यांपैकी एकानेही भट्टीपुढे आठ तास फावडं मारलेलं नसतं. मी मारलंय, आणि मला त्यातली आठवते ती वीतभर काचेची नळी. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते तिच्यात दिसायचं. दिसतंय तोवर ठीक. दिसेनासं झालं की भट्टीच्या छतावरचं पाणी संपून ते कोरडं पडायचं, आणि पुढे काय होतं ते सांगायला त्या इंजिनावरचं कुणी बरेचदा उरत नसे. आजही घरातल्या माठाचा तळ दिसला की मी हातातलं काम टाकून तो भरायला उठतो. बायको हसते. हसू दे.

साठच्या दशकाच्या अखेरीस मी घाटकोपरला राहत होतो आणि देवनारच्या बाजूने कारखान्यांकडे जाणाऱ्या मालगाडीच्या लाइनीवर फायरमन होतो. लोकलगाड्या कधीच्याच विजेवर गेल्या होत्या. आमच्या वाट्याला मिठागरं, खाडीचा चिखल आणि वारा फिरला की कचऱ्याचा वास. माझे ड्रायव्हर मालवणकडचे, पन्नाशी उलटलेले. आम्ही त्यांना मामा म्हणायचो.

मामांचं नाव डिझेलच्या ट्रेनिंगच्या यादीत लागलं होतं. त्यांच्या वयाला ही शेवटची संधी होती. धुराने त्यांची छाती पार गेली होती. इंजिनावर चढून आले की दोन मिनिटं त्यांना बोलता यायचं नाही. कोळशापासून लांब व्हा, नाहीतर मृत्युपत्र लिहून ठेवा, असं डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं. माझंही नाव असिस्टंटच्या यादीत होतं. अट एकच, ट्रेनिंगला जाईपर्यंत रेकॉर्डवर डाग नको. त्यामुळे ते दोन महिने आम्ही जीव मुठीत धरून गाडी हाकली. मामा दर पाच मिनिटांनी विचारायचे, “काच बघलंस?”

“बघितली हो मामा. किती वेळा बघू!” मी वैतागून म्हणायचो.

त्या लाइनीवर कोळीवाड्याजवळ एक फाटक होतं. तिथे ट्रक आणि बैलगाड्या निघेपर्यंत आम्हाला थांबावं लागे. तेवढ्यात कोळणी हंडे घेऊन इंजिनापाशी यायच्या. बॉयलरमध्ये पाणी घालणारा इंजेक्टर सुरू केला की त्याला जोडलेल्या रबरी पाइपातून कढत पाणी काढता यायचं. पाइप खरा कोळसा भिजवायला, पण त्याने कोळीवाड्यातल्या किती जणांच्या आंघोळी झाल्या असतील देव जाणे. बदल्यात आम्हाला सुके बोंबील मिळायचे. नियमात बसत नव्हतं, पण त्या लाइनीवरचे सगळेच फायरमन द्यायचे.

त्या दिवशी दुपारी एक म्हातारी कोळीण दोन हंडे घेऊन आली.

“भरून दे रं पोरा. सून बालंतीन हाय, न लाकडं वली झाल्यात.”

मी इंजेक्टर सुरू केला, पाइपाची तोटी सोडली, हंडे भरून दिले. तेवढ्यात रस्ता मोकळा होऊन फाटक लागलं आणि मामांनी शिट्टी दिली. म्हातारीने हातात कोंबलेले बोंबील एका हातात, फावडं दुसऱ्या हातात. पाइप मी पलीकडच्या बाजूला लोंबता टाकला आणि त्याची तोटी बंद करायला विसरलो.

इंजेक्टर चालू असला की बारीक सुरात गातो. तो गात होता. मामा खिडकीतून बाहेर बघत निर्धास्त ऐकत होते, की बॉयलरमध्ये पाणी चाललंय. पाणी चाललं होतं खडीवर. आणि मी फावड्यावर बोंबील भाजत होतो.

“काच बघलंस?”

“बघितली,” मी म्हणालो. बघितली नव्हती.

बोंबील खाऊन झाल्यावर बघितली. नळी रिकामी. आधी मला वाटलं, पाणी जास्त झालंय. नळी काठोकाठ भरली तरीही ती रिकामीच दिसते. खालची तपासायची तोटी उघडली. नुसती वाफ आली. आणि मग मला तो पाइप दिसला. मी मामांकडे पाठ करून गुपचूप त्याची तोटी बंद केली. घाईत ती दोनदा सुटली.

मामांनी वळून काचेकडे बघितलं आणि एका झटक्यात ब्रेक लावला.

“पाणी खंय?”

“मामा, हळूहळू पाणी घालून बघू ना. कुणाला कळणार नाही.” हे मी बोललो. तापलेल्या छतावर पाणी पडलं तर इंजिनाच्या चिंधड्या होऊ शकतात हे मला पाठ होतं, तरीही बोललो.

मामा खिडकीतून बाहेर बघत राहिले. शंभर हातांवर मिठागरात बायामाणसं मीठ ओढत होती. भट्टीतली आग खाली पाडली तर आम्ही वाचणार होतो, तीही वाचणार होती. पण इंजिन रुळावर मरणार, रिपोर्ट होणार आणि मामांचं नाव यादीतून जाणार. जेमतेम दहा सेकंद गेले असतील. मला अजून ते संपलेत असं वाटत नाही.

“आग पाड,” ते म्हणाले.

मी भट्टीतले निखारे खाली पाडले. धूर आणि राख इतकी उठली की मामा उतरून रुळांच्या कडेला बसले आणि खोकत राहिले.

चौकशी चार दिवसांनी होती. इंजेक्टर तपासला होता, तो ठणठणीत निघाला. साहेबांनी मामांना विचारलं, इंजेक्टर चालू होता का? मामा म्हणाले, आवाज येत होता. मग साहेब माझ्याकडे वळले.

“फायरमन, तू काय म्हणतोस?”

“चालू होता साहेब,” मी म्हणालो. यात खोटं काहीच नव्हतं, आणि खरं त्याहून कमी होतं.

काचेवर ड्रायव्हरचं लक्ष नव्हतं असा शेरा पडला. मामांचं नाव कापलं गेलं. इंजिनाची जबाबदारी ड्रायव्हरची म्हणून माझं राहिलं, आणि पुढच्या वर्षी मी पांढरा शर्ट घालून डिझेलवर बसलो.

पण चौकशीच्या त्या दिवशी आम्ही दोघे बाहेर व्हरांड्यात आलो, तेव्हा मामा दम खायला थांबले.

“पाइप तुझ्या हातात होतो,” ते शांतपणे म्हणाले. “तोटी बंद करताना बघलंय मी. ऱ्हवांदे. तुझा वय आसा. तू तरी जा.”

साहेबांच्या खोलीचं दार उघडंच होतं. वीस पावलंही नसतील. परत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. मी दाराकडे बघितलं, मामांनीही बघितलं, आणि ते थोडा वेळ थांबलेसुद्धा. मग त्यांनी विचारलं, चहा घेतंस? मी हो म्हणालो.