वगळलेला वाघोबा

माझ्या परदेशातल्या दोन्ही नातवंडांनो,

गेल्या रविवारी फोनवर थोरलीने विचारलं, "आजी, आमच्या वर्गात जगाचा नकाशा लावलाय. धोक्यात असलेल्या जंगलांवर लाल ठिपके आहेत. त्यातला एक अगदी तुझ्या जवळ आहे. ते जंगल इकडच्या लोकांनी वाचवलं का?" धाकटा मागून म्हणाला, "वाचवलंच असणार, म्हणून तर ठिपका दिलाय." मी "नंतर सांगते" म्हणून फोन ठेवला. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, आणि उत्तर एका वाक्यात मावणारं नव्हतं.

आता लिहून सांगते, कारण पुढच्या महिन्यात ते ठिपकावाले लोक स्वतः येऊरला यायचे आहेत. ते येऊन गेले की जो तो आपापल्या सोयीची गोष्ट सांगायला लागेल. त्यातली माझी चूक माझ्याच हाताने लिहिलेली बरी. हे मराठीत लिहिते आहे. तुम्हाला जड जाईल, बाबांकडून वाचून घ्या. इंग्रजीत करून पाठवणार नाही. का, ते शेवटपर्यंत ऐकलंत तर कळेल.

मी डोंबिवलीत राहत असले तरी वाढले ठाण्यात, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. डोंबिवलीत वारा कुठून येतोय ते आम्ही नाकाने ओळखतो. कारखान्यांच्या बाजूने आला की खिडक्या बंद. माहेरी अशी खिडकी कधी लावावी लागली नाही, कारण पलीकडे राष्ट्रीय उद्यानाचं रान होतं. तुम्ही आला होतात तेव्हा मी तुम्हाला तिथे नेलं होतं. थोरलीने काटेसावरीचा एक काटा खिशात घालून आणला आणि तो पुढे विमानतळावर तपासणीत सापडला, हे तिला आठवत असेल.

त्या डोंगराच्या कडेने एक रुंद रस्ता काढायचं घाटत होतं. रस्त्याला जागा हवी, म्हणून उद्यानाची हद्दच जरा आत सरकवायची, असा बेत. हद्द म्हणजे नकाशावरची रेघ, ती सरकवायला झाडाचं पानसुद्धा हलवावं लागत नाही. रेघ सरकली की एक आदिवासी पाडा आणि त्याच्या वरचा सगळा उतार उद्यानाच्या बाहेर पडणार. मग घरांवरून रस्ता आणि रानात करवत.

मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. तिथे भूगोल शिकवणारी माझी मैत्रीण निवृत्तीनंतर ठाण्यातच राहते. तिने एक दिवस फोन केला. "जगभरच्या राष्ट्रीय उद्यानांवर नजर ठेवणारी एक परदेशी समिती आहे. तिच्याकडे अर्ज करायचाय. अर्ज इंग्रजीत हवा."

"मग कर ना."

"मी भूगोलवाली. तुझं इंग्रजी काय मीठ लावून बरणीत भरून ठेवणार आहेस?"

अशी मी यात पडले. अर्जाला पाड्यातल्या लोकांचं म्हणणं जोडायचं होतं. ते मी ऐकायचं, उतरवायचं आणि इंग्रजीत आणायचं, असं ठरलं. मला वाटलं, हे तर माझं रोजचंच काम. जन्मभर मी मुलांना सारांशलेखन शिकवलं. उताऱ्याचा एक तृतीयांश, त्याहून एक ओळ जास्त झाली तरी मी गुण कापायचे. उदाहरणं खोडा, पुनरुक्ती खोडा, मुद्दा ठेवा.

पाड्यातली जी बाई बोलली ती माझ्याच वयाची. ती कुणालाच अहो म्हणत नाही, पाड्यावर तशी रीतच नाही. मलाही तू, वनखात्याच्या साहेबालाही तू. तिच्या ओटीवर बसून मी दुपारभर ऐकलं. तिने सुरुवात केली ती वाघोबाच्या दगडापासून. पाड्याच्या वरच्या अंगाला एक उभा दगड आहे. त्यावर वाघ कोरलेला, वर चंद्र आणि सूर्य. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याला शेंदूर लावतात, तांदळाच्या खिरीचा नैवेद्य दाखवतात. दगडाच्या खालचं रान माणसांचं, वरचं वाघाचं. वर कुऱ्हाड न्यायची नाही. वाळकी काटकी आणायची तरी दगडापाशी थांबून विचारायचं. मग तिच्या सासऱ्याची गोष्ट, मग तिच्या गाईंची, मग परत सासऱ्याची.

घरी येऊन मी लाल पेन घेतलं आणि दगड खोडला, खीर खोडली, सासरा खोडला, गाई खोडल्या, शेवटी पाड्याचा उल्लेखही खोडला. परदेशी लोक हे वाचून हसतील, अशी मला लाज वाटली. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, तुम्हाला सांगते आहे. शिवाय मला वाटलं, त्यांना माणसं नसलेलंच जंगल आवडत असणार. तसल्या सुबक इंग्रजी वर्णनांवरच मी वाढले होते. म्हणून मी लिहिलं, 'या उतारावरच्या जंगलाला माणसाचा हात लागलेला नाही.' वाक्य इंग्रजीत फार छान दिसत होतं. मैत्रिणीने वाचलं आणि म्हणाली, "वा."

समितीने दखल घेतली, उद्यान धोक्याच्या यादीत गेलं. तुमच्या वर्गातला ठिपका तो हाच. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त बँक अधिकारी राहतात. त्यांनी जिन्यात गाठलं.

"काय बाई, घरचं भांडण साता समुद्रापार नेलंत म्हणे?"

"घरात कुणी ऐकेना, तर शेजाऱ्याला हाक मारावीच लागते."

"आणि ते गोरे आपल्याला शहाणपण शिकवणार?"

"शिकवू देत. कोण चुकतंय ते मला कळतं, जन्मभर तेच केलंय."

असं तोऱ्यात म्हणून मी जिना चढले. पंधरवड्याने ठाण्यात रस्त्याबद्दलची जनसुनावणी झाली. सभागृह भरलेलं होतं, पाड्यातली माणसं मागच्या खुर्च्यांवर. रस्त्याच्या बाजूने बोलणारे अधिकारी अतिशय सभ्य होते. त्यांनी एक कागद काढला आणि त्यावरचं माझंच इंग्रजी वाक्य वाचलं, मग मराठीत समजावलं. "हरकत घेणाऱ्यांनीच परदेशी समितीला कळवलंय, की या उताराला माणसाचा हात लागलेला नाही. मग मागे बसलेली ही मंडळी कोण? पूर्वापार राहणारे असते, तर यांच्याच अर्जात त्यांचा उल्लेख नसता का? हे अतिक्रमण आहे, आणि अतिक्रमणाची हरकत विचारात घेता येत नाही."

ती बाई मागून पुढे आली, माझ्या खुर्चीशी थांबली.

"बाय, मी तुला दुपारभर सांगलं, त्याचा काय केलास?"

"थोडक्यात लिहिलं."

"थोडक्यात म्हंजे? आमालाच काढून?"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी पाड्यावर गेले. ओटीवर चार बायका तांदूळ निवडत होत्या. तिने मला लांबूनच पाहिलं. "आली मास्तरीण. आज खोडरबर किती आणलेत?" बायका हसल्या, आणि हसायचं थांबवायची कुणाला घाई नव्हती.

"माझं चुकलं," मी म्हणाले.

"चुकलास ता कळला सगल्या ठान्याला. आता बस नि लिव. आनि मान हालवू नको मदी मदी. आयकतेस का पेंगतेस, कळत नाय."

पण तिने बसू दिलंच नाही. आधी वर नेलं. माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत, पण त्या दिवशी त्यांची तक्रार करायची मला सोय नव्हती. दगड माझ्या कमरेएवढा होता. कोरीव वाघ झिजून झिजून मांजराएवढा झालेला, शेंदराचे थर मात्र बोटभर जाड. मी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग वळून खाली पाहिलं, आणि मला जे शाळेतल्या पोरालाही दिसलं असतं ते दिसलं. दगडाच्या खाली उतार विरळ, तोडलेला, गुरांनी चरलेला. दगडाच्या वर दाट रान, कुणी सुतळी धरून आखल्यासारखं. सरकारने उद्यानाची रेघ ओढली त्याच्या कितीतरी आधीपासून ही हद्द इथे पाळली जात होती. माणसाचा हात लागला नव्हता, कारण माणसांनीच तो आवरला होता. तेवढंच नेमकं मी वगळलं होतं.

दगडाच्या वरच्या बाजूला मोजणीच्या लाल डोक्याच्या खुंट्या ठोकलेल्या होत्या. ती म्हणाली, "मोजनीवाले आले तवा त्यांनाबी सांगलं, नारल ठेवा नि मंग वर जावा. एकानं ठेवलान. दुसऱ्याचा पाय मुरगलला." दोन्ही गोष्टी तिने एकाच सुरात सांगितल्या.

मी दगडाशेजारी बसून सगळं पुन्हा उतरवलं, तिच्याच शब्दांत, सासऱ्यासकट, गाईंसकट. सासऱ्याची गोष्ट तिने तीनदा सांगितली, मी तीनदा लिहिली.

मग समितीला पत्र लिहिलं. 'आमच्या अर्जातलं ते वाक्य चुकीचं आहे. ते मी लिहिलं. या पाड्यातल्या लोकांनी मला खरं सांगितलं होतं, ते मी गाळलं.' मैत्रीण हादरली.

"अगं, असं लिहून देतात का कुणी? सगळा अर्जच खोटा ठरवतील. यादीतून काढून टाकतील. मग रस्तेवाल्यांना रान मोकळं."

"टाकू देत काढून."

"ठिपका गेला तर काय उरेल आपल्या हातात?"

"आणि ठिपका राहिला आणि पाडा गेला, तर? त्या वाक्यावर तो ठिपका उभा आहे, आणि तेच वाक्य त्यांची घरं पाडायला निघालंय."

ती पत्र घेऊन घरी गेली. तिसऱ्या दिवशी येऊन पत्रातली एक स्पेलिंगची चूक दाखवून गेली. म्हणजे पाठव, असा अर्थ.

उत्तर यायला बरेच आठवडे लागले. त्या दिवसांत मी नीट जेवले नाही, हे तुमच्या आईला सांगू नका. उत्तरात रागाचा शब्द नव्हता. त्यांनी यादीतलं नाव राखलं होतं, पाड्याचं म्हणणं मूळ शब्दांत, एकही ओळ न गाळता मागवलं होतं, आणि दगड बघायला येतो असं कळवलं होतं.

पुढच्या सुनावणीला मी ती सगळी पानं घेऊन उभी राहिले. तेच सभ्य अधिकारी समोर होते. त्यांनी पानांची जाडी पाहिली.

"बाई, एवढं? वेळ थोडा आहे. सारांश द्या ना."

"सारांश मिळणार नाही."

"तुम्ही तर शिक्षिका होतात. दोन मिनिटांत मुद्दा सांगा."

"मुद्दा सांगितला होता. तो तुम्ही मागच्या वेळी वाचून दाखवलात. आता सगळं ऐकायचं आहे. मी बसणार नाही, आणि तुम्हालाही उठता येणार नाही. हरकती ऐकून घेण्यासाठीच तुम्हाला इथे बसवलंय."

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मी वाचायला लागले. आवाज बसला तेव्हा ती बाई माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि पुढचं तोंडाने सांगू लागली. तिला अक्षरओळख नाही. मी कागदावर बोट ठेवून पाहत होते. माझ्या कागदात एक गाय राहून गेली होती. ती तिने भर सभेत परत आणली, आणि अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाली, "लिव रे, कपिला. हिनं परत गालली." सभागृह हसलं. अधिकारीही हसले, आणि त्यांनी लेखनिकाला सांगितलं, "घ्या, कपिला." तिचं सगळं म्हणणं असं सरकारी नोंदीत गेलं, पानोपानी. पाड्याला अतिक्रमण म्हणण्याआधी आता ती सगळी पानं खोटी पाडावी लागतील.

तर थोरले, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. तिकडच्या लोकांनी ठिपका दिला, त्याने इकडच्या साहेबांना जरा थांबावंसं वाटलं. तेवढं त्यांचं श्रेय, आणि ते मी देते. पण ते रान राखलं ज्यांनी दगडाच्या वर कुऱ्हाड नेली नाही त्यांनी. खालच्या मजल्यावरच्या त्या गृहस्थांना मी हे सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे परदेशात जायची गरज नव्हती तर." मी म्हटलं, गरज होती, फक्त तिथे जाताना घरच्यांना घरी ठेवून जायचं नव्हतं.

आणि हे पत्र इंग्रजीत का नाही, तेही कळलं असेल. इंग्रजी लिहायला बसले की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. या वयात त्याच्यावर माझा भरवसा नाही.

रस्त्याचा निकाल अजून लागलेला नाही. परदेशी मंडळी आली की त्यांनाही दगडापाशी नारळ ठेवावा लागेल, असं ती आतापासून बजावते आहे. मी ते इंग्रजीत सांगणार आहे, पूर्ण.

आज तिथे जे आहे ते असं. लाल डोक्याच्या खुंट्या आहेत. रस्ता नाही. पाड्यातली सगळी घरं उभी आहेत. दगड जागेवर आहे, त्याला या वाघबारशीचा ताजा शेंदूर आहे, आणि दगडाच्या वरचं रान आहे.