तडकलेलं भांडं आणि हिरवी खूण

बसवनगुडीतले आमचे घरमालक बिंदुमाधवराव, म्हणजे बिंदुअण्णा, निवृत्त होईपर्यंत एका बँकेत 'चौकशी' लिहिलेल्या खिडकीमागे बसत. त्यांच्या घराण्याचं मराठी गेल्या कित्येक पिढ्या कानडीच्या शेजारी राहून गुबगुबीत झालेलं. कुठला फॉर्म कुठल्या टेबलावर, हे त्यांनी आयुष्यभर लोकांना सांगितलं आणि लोकांनी पाठ फिरवता फिरवता 'हं' म्हटलं. उत्तर दिल्याबद्दल जगात गुण मिळतात, हे निवृत्तीनंतर कळल्यावर असा माणूस वाहवला नसता तरच नवल.

नव्यानं बेंगळुरूला येणाऱ्यांसाठी प्रश्नोत्तरांचं एक संकेतस्थळ आहे. त्यांच्या माडीवर भाड्यानं राहणाऱ्या मीच त्यांना ते दाखवलं. कुणीतरी विचारलं होतं, 'अळूची पानं कुठे मिळतील?' अण्णांनी सकाळभर बसून उत्तर लिहिलं. बाजाराच्या कुठल्या तोंडाशी कुठली अक्का बसते, तिच्याशी घासाघीस का करू नये, खाजऱ्या पानाची ओळख काय, आणि परत येताना कॉफी कुठे प्यावी. वाचून मलाच तोंडाला पाणी सुटलं. दुसऱ्या एकानं लिहिलं, 'गांधी बाजार.' विचारणाऱ्यानं हिरवी खूण, म्हणजे पसंतीची पावती आणि तिच्याबरोबरचे घसघशीत गुण, त्याला देऊन टाकले. त्याचं उत्तर आधी आलं होतं.

त्या दिवशी अण्णांना जगाची रीत समजली. बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं ते करू लागले. प्रश्न पडला की आधी 'हो' किंवा 'नाही' टाकायचं, बाकीचं मागाहून. मागाहून बहुधा राहूनच जाई, कारण तोवर पुढची बस आलेली असे. कुणी विचारलं, 'आईला सोबत करायला चांगली बाई कशी शोधावी?' तर अण्णा तिकडे फिरकत नसत. अशा प्रश्नाला विचार लागतो आणि गर्दी नसते. डोशाच्या प्रश्नावर मात्र झुंबड.

"मिळाली!" ते हॉलमधून ओरडत.

"कुणाला नोकरी मिळाली हो?" त्यांच्या पत्नी अहल्याअक्का स्वयंपाकघरातून विचारत.

"हिरवी खूण मिळाली गं!"

"सरी, बरं झालं. ती खाऊन झाली की जेवायला या."

पाहुणा, शेजारी, जाणकार अशा पायऱ्या चढून अण्णा 'गुरू' या पायरीच्या अगदी उंबऱ्याशी आले होते, तेव्हा कस्तुरीचा प्रश्न पडला. मूळची नागपूरची, लग्न होऊन महादेवपुऱ्यात राहायला आलेली. तिनं लिहिलं होतं, 'नवी कल्लचट्टी घेतली आहे. हे दगडी भांडं गॅसवर चालतं का? रविवारी सासू-सासरे पहिल्यांदाच माझ्या हातचं जेवायला येताहेत.'

अण्णांनी रुमाल टाकला. 'हो. चालतं. बिनधास्त वापरा.'

आता नव्या कल्लचट्टीला आधी तेलहळद चोळून, रोज गरम पेज पाजून सवय लावावी लागते, मगच मंद आच दाखवायची, हे अण्णांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांच्याच घरात तीन कल्लचट्ट्या आहेत. पण तेवढ्यात मेट्रोत झाडाची कुंडी नेता येते का, यावर गर्दी जमली आणि अण्णा तिकडे धावले. परत येऊन बघतात तो सौम्या नावाच्या कुणा नवख्या मुलीनं खाली सगळी कृती लिहिलेली. अक्षर न् अक्षर बरोबर. ते वर चढलं असतं तर हिरवी खूण गेली असती.

या संकेतस्थळावर दुसऱ्याचं उत्तर नापसंत करून खाली ढकलता येतं. त्यासाठी आपला एक गुण कापला जातो, पण कुणी ढकललं ते कुणाला दिसत नाही. अण्णांनी एक गुण मोजला आणि हिरवी खूण मिळवली.

सोमवारी ते फोन घेऊन माडीवर आले. "वाच," म्हणाले.

कस्तुरीनं उत्तराखाली लिहिलं होतं, 'काका, तुमचं बरोबरच असणार, माझंच काही चुकलं. आमटीला उकळी आली आणि भांडं मधोमध तडकलं. सगळी आमटी शेगडीत. सासूबाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.'

"आणि हिनं खूण काढलेली नाही," अण्णा म्हणाले. "का काढली नाही?"

"तिला वाटतंय, तुम्ही चुकणार नाही."

अण्णा माझ्या वेताच्या मोड्यावर बसले. मग त्यांनी सौम्याच्या उत्तराला दिलेलं नापसंतीचं मत मागे घ्यायचा प्रयत्न केला. उत्तर आलं, मुदत संपली. स्वतःचं उत्तर पुसायला गेले. उत्तर आलं, स्वीकारलेलं उत्तर पुसता येत नाही.

"हे काय! कुणाला विचारायचं मग?"

मागोमाग वर आलेल्या अहल्याअक्का म्हणाल्या, "जेवणाच्या सुट्टीनंतर या म्हणावं. तुम्ही नाही का बँकेत सांगायचात?"

शेवटी त्यांनी उत्तर दुरुस्त केलं. 'मी घाईत चुकीचं सांगितलं. एका मुलीचं भांडं फुटलं. खालचं उत्तर खरं आहे.' ते खाली गेलं कसं, हे मात्र लिहिलं नाही. लोक आता फाडून खातील, म्हणून त्यांनी फोन पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडलेला. 'असा मोठेपणा हवा!' 'काका, तुमच्यासारखी माणसं उरली नाहीत!' संकेतस्थळानं 'प्रांजळ' नावाचं पदक दिलं आणि त्या गुणांवर अण्णा गुरू झाले.

"अय्यो, आता तोंड का पाडलंय?" अक्कांनी विचारलं.

"शिव्या घालतील वाटलं होतं गं."

"मग?"

"गुण घातले."

त्या दिवशी ताटात त्यांनी नुसती बोटं फिरवली. एवढ्या कौतुकात कस्तुरीची एक ओळ नव्हती. अण्णांनी तिला निरोप धाडला, नवं भांडं आणून देतो. तिनं फक्त पत्ता पाठवला. आधी तिनं 'काका' लिहिलं होतं, या वेळी तेही नव्हतं.

भांडं आलं. अक्कांनी हात लावायला साफ नकार दिला. "बिनधास्त म्हणाला होतात ना? पाजा आता पेज." अण्णांनी रोज भात शिजवला, रोज पेज ओतली. एखादा दिवस गाळता येतो का, असं एकदाही विचारलं नाही. भांडं काळं, तुकतुकीत झाल्यावर आम्ही दोघं मेट्रोनं निघालो. तपासणीच्या यंत्रावर शिपाई दचकला. "एनु सार इदु?" काय आहे म्हणून विचारत होता. अण्णांनी 'कल्लु' एवढंच सांगितलं, दगड. चेहरा असा की शिपायानं पुढे काही विचारलं नाही.

कस्तुरीनं दार उघडलं. बारीकशी मुलगी, केसांत पेन्सिल खोचलेली.

"मी बिंदुमाधव. तुम्हाला ते उत्तर..."

"वाचलं मी. चुकतं माणूस, काका. मीच खालचं उत्तर बघायला हवं होतं. पण ते पार तळाला गेलं होतं, दिसलंच नाही."

माझ्या मनात आलं, आता सुटले. हातात नवं भांडं, समोर क्षमा. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग भांड्याकडे.

"ते मी ढकललं तळाला."

"म्हणजे?"

"बरोबर आहे हे माहीत असून. मला गुरू व्हायचं होतं."

कस्तुरीनं केसांतली पेन्सिल काढली, पुन्हा खोचली. मग म्हणाली, "सासूबाई नागपूरला परत जाताना म्हणाल्या, शिकेल हळूहळू. एवढंच. तेव्हापासून मी साधा वरणभात लावतानाही दोनदा विचार करते."

"त्यांना फोन लावा," अण्णा म्हणाले. "मी सांगतो."

तिनं लावला आणि फोन त्यांच्या कानाशी धरला, कारण अण्णांचे दोन्ही हात भांड्याखाली होते. अण्णांनी सगळं सांगितलं, ढकलल्यासकट. मग पलीकडून नागपूरचा आवाज सुरू झाला, तो मागे जिन्याशी उभ्या असलेल्या मलाही ऐकू येत होता. "वय काय हो तुमचं? पोरीले रडवता अन् गुण कमावता? माह्या समोर बिचारी कानकोंडी झाली ना!"

"हो," अण्णा म्हणत होते. "हो. खरं आहे. हो."

"द्या तिच्याजवळ फोन."

कस्तुरी फोन घेऊन खिडकीकडे गेली. "नाही हो आई... नाही, मी कुठं रडली..." म्हणता म्हणता तिचा आवाज हसण्यारडण्याच्या मधे कुठेतरी गेला. मी अण्णांच्या हातातलं भांडं घ्यायला पुढे झालो. म्हटलं, "अण्णा, बसा आता."

"नको," ते हळूच म्हणाले. "तिनं सांगितलं तर बसू."